गळ छंदाचा, जाळे पोटाचे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करून आम्ही गोंडपिपरीकडचे दहा-बारा जण दुसऱ्या दिवशी पहाटे समुद्र पाहायला निघालो. परतीची गाडी संध्याकाळची होती. बरोबर आमच्या गावाजवळच्या वस्तीतला एक ढिवर कार्यकर्ता होता. बाप-आजापासून वर्धा नदीत डोंगा चालवणारा, साठी गाठलेला माणूस. चालत चालत आम्ही वरळीच्या बाजूला दगडांपाशी आलो, तर तिथे चार-पाच तरुण लांब छड्या घेऊन गळ टाकून उभे. पायात चांगले बूट, डोक्यावर टोप्या, शेजारी गाडी लावलेली. एकाच्या गळाला तांबोशी लागली. त्याने ती ओल्या हाताने धरली, पट्टीवर ठेवून मोजली, फोटो काढला आणि अलगद पाण्यात सोडून दिली. आमच्या ढिवर सोबत्याचे डोळे विस्फारले. तो हळूच म्हणाला, "वकीलसाहेब, सोडाचाच होता त मंग पकडला कायले?"

आम्ही त्या तरुणाला विचारले. त्याने न चिडता उत्तर दिले. मासा अजून लहान आहे, त्याने एकदाही अंडी घातलेली नाहीत, त्याला आज नेला तर उद्या समुद्रात काय उरेल, असे त्याचे म्हणणे. आमचा छंद आहे, पोट नाही, म्हणून आम्हीच आधी नियम पाळले पाहिजेत, असेही तो म्हणाला. उत्तर प्रामाणिक होते. तरीही सोबत्याचा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. ज्याला मासा सोडून देणे परवडते आणि ज्याला परवडत नाही, अशा दोन माणसांमध्ये मासा वाचवण्याचा अधिकार कोणाचा आणि मासा संपवल्याचा ठपका कोणावर, हा तो प्रश्न आहे. आज त्याच्याविषयी लिहीत आहोत.

कोणी म्हणेल, गोंडपिपरीच्या जंगलातल्या वकिलाला समुद्राच्या माशाचे काय पडले आहे? वाचकहो, नकाशा उघडा. वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्या आमच्या तालुक्याच्या अंगाला एक होतात, त्यांची प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. गोदावरीतल्या मोठ्या झिंग्याची पिल्ले निमखाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत. मादी अंडी घेऊन नदीच्या मुखाकडे उतरते आणि वाढलेली पिल्ले प्रवाहाविरुद्ध वर चढतात. इंग्रजांनी १८५२ साली धवळेश्वरमचा बंधारा पुरा केला तेव्हापासून ही वाट अडत गेली. पुढे गोदावरीवर आणि तिच्या उपनद्यांवर धरणे व बंधारे वाढत गेले. २०१९ साली सिरोंच्याजवळ मेडिगड्ड्याचा बंधारा उभा राहिला. तेव्हा समुद्र आणि जंगल या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दुसरे असे की आमच्या आठवडी बाजारात सुकट, जवळा आणि सुका बोंबील येतो तो कोकणच्या किनाऱ्यावरून. मटण परवडत नाही त्या दिवशी बौद्धवाड्यात, गोंडांच्या टोल्यावर आणि ढिवरांच्या घरी याच सुकटीवर भाकर खाल्ली जाते. किनाऱ्यावर बोंबील आटला की आमच्याकडे गरिबाच्या ताटातले कालवण महाग होते. म्हणून हा आमचा प्रश्न आहे.

प्रथम मान्य करण्यासारखे जे आहे ते मान्य करू. मासा कमी होत आहे, हे खरे आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २०१८ साली सुमारे २.९५ लाख टन मासळी उतरली, तर २०१९ साली ती २.०१ लाख टनांवर आली. पंचेचाळीस वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी वादळांमुळे नौका बरेच दिवस किनाऱ्यालाच होत्या, हेही त्याचे एक कारण होते. पण वादळ नसतानाही पापलेट लहान होत चालले आहे, हे कोणतीही कोळीण सांगेल. बारीक आसाचे जाळे, पर्ससीन आणि रात्री एलईडी दिव्यांचा झोत टाकून सगळा थवा एकदम उचलणाऱ्या मोठ्या भांडवलाच्या नौका यांनी समुद्र खरवडून काढला.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा आहे. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी आहे आणि तीतून बिगरयांत्रिक पारंपरिक नौकांना सूट आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध आले. २०२१ साली १९८१ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा लाखांत गेल्या. २०२३ साली पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित करण्यात आले. ती घोषणा करणारे तेव्हाचे मत्स्यव्यवसाय मंत्री सुधीर मुनगंटीवार आमच्याच चंद्रपूर जिल्ह्याचे. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांचा किमान आकार ठरवण्यात आला. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर पकडायचे नाही. वरळीच्या दगडावरचा तो तरुण पट्टी घेऊन उभा होता तो याच विचाराने. कायदा कागदावर राहतो तिथे काही छंदवाले तो स्वतःहून पाळतात, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मोठ्या नौकांचे मालक आणि त्यांचे राजकीय पाठीराखे पाळत नाहीत ते हे लोक पाळतात, मग त्यांची थट्टा कशाला करायची?

परंतु छंदवाल्यांच्या मत्स्यरक्षणाचा जगातला इतिहास पाहिला तर त्याला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेचे उदाहरण घ्या. टेक्सासच्या किनाऱ्यावर रेडफिश नावाचा मासा जाळ्यांमुळे कमी होत होता. १९७७ साली ह्यूस्टनमध्ये काही गळवाल्यांनी एकत्र येऊन संघटना काढली. आज ती कोस्टल कॉन्झर्व्हेशन असोसिएशन या नावाने ओळखली जाते. त्यांनी पैसा उभा केला, आमदारांवर दबाव आणला आणि १९८१ साली टेक्सासमध्ये रेडफिशच्या व्यापारी विक्रीवर बंदी आणली. बीज तयार करून समुद्रात सोडण्याचे केंद्र उभारायला मदत केली. मासा सावरला, हे नाकारता येत नाही. पुढे फ्लोरिडात याच विचाराचे लोक थेट राज्यघटनेपर्यंत गेले. ८ नोव्हेंबर १९९४ रोजी तिथे मतदान झाले आणि सुमारे ७२ टक्के मतांनी किनाऱ्यालगतच्या पाण्यात अडकवणाऱ्या जाळ्यांवर राज्याच्या घटनेतच बंदी लिहिली गेली. १ जुलै १९९५ पासून ती लागू झाली. ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या जाळ्यावर चालत होती, त्यांचा धंदा एका दिवसात बेकायदा ठरला. सरकारने जाळी विकत घेतली. सीडर की नावाच्या गावात काहींना शिंपल्यांची शेती शिकवून उभे केले, तेवढा भाग चांगला. पण बाकीचे कुठे गेले, हे विचारायला मतदारांना वेळ नव्हता. छंद करणाऱ्यांची संख्या लाखांत होती, जाळेवाल्यांची हजारांत. बहुमत छंदाचे होते, पोटाचे नव्हते.

बहुमताने अल्पमताच्या भाकरीवर घाव घालू नये, यासाठीच तर घटनेत मूलभूत हक्क असतात. हे आम्हाला, बाबासाहेबांच्या लेकरांना, कोणी शिकवायला नको.

त्याच देशातून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. १९५० साली तिथे डिंगेल-जॉन्सन कायदा झाला. गळ, छडी, दोरी अशा छंदाच्या सामानावरचा कर वेगळा काढून तो पैसा राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी द्यायचा, अशी त्याची रचना आहे. ज्याला मासा खेळासाठी हवा त्याने माशाच्या रक्षणाची किंमत मोजायची. हे तत्त्व न्यायाचे आहे. आमच्याकडे उलटे होते. खेळ खेळतो एक आणि किंमत मोजतो दुसरा.

आता आपल्या देशात या. मुंबईच्या पवई तलावावर गळवाल्यांची जुनी संघटना आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीर या माशाची पैदास केली आणि त्याची पिल्ले देशभर पाठवली. कर्नाटकात कावेरीवर १९७२ साली स्थापन झालेल्या वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडियाने नदीचा पट्टा घेऊन सुरुंग लावून होणारी मासेमारी रोखली, पहारेकरी ठेवले. पूर्वी चोरून मासे मारणाऱ्या गावकऱ्यांना या गळवाल्यांच्या तळांवर वाटाड्याचे काम मिळाले. हे काम नक्कीच मोलाचे आहे.

पण त्याच कावेरीत पुढे काय झाले? तिथला मूळचा महसीर मोठ्या वशिंडाचा, केशरी पंखांचा, जगात दुसरीकडे न सापडणारा. लोणावळ्याच्या पैदाशीतला निळ्या पंखांचा महसीर तिथे बाहेरून आणून सोडला गेला. उद्देश चांगला होता, महसीर वाढावा हा. २०१५ साली शास्त्रज्ञांनी गळवाल्यांच्याच १९९८ ते २०१२ पर्यंतच्या नोंदवह्या तपासल्या, तेव्हा दिसले की निळ्या पंखांचा पाहुणा वाढत गेला आणि मूळचा मालक जवळजवळ नाहीसा झाला. २०१८ साली त्या मूळच्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी तो जगातल्या अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. यातून दोन धडे निघतात. छंदवाल्यांनी नोंदी प्रामाणिकपणे ठेवल्या नसत्या तर हे कळलेही नसते, हा एक. नुसत्या चांगल्या हेतूने आणि पैशाने नदी वाचत नाही, त्या पाण्यात कोणता मासा कुठे अंडी घालतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावे लागते, हा दुसरा. आणि ते ठाऊक असणारा माणूस मत्स्यपरिषदेच्या व्यासपीठावर नसतो. तो डोंग्यात असतो.

आमच्या विदर्भात असे विचारणारे काही लोक आहेत. भंडारा-गोंदिया भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या सहकारी संस्थांबरोबर माजी मालगुजारी तलावांत काम केले. बेशरम उपटून काढला, तळाशी देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे परत आणले. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे ज्ञान ढिवर म्हाताऱ्यांचे होते. अभ्यासकांनी ते लिहून घेतले. मत्स्यरक्षणाचा हा खरा बहुजन मार्ग आहे. इथे छंदवाला नाही, साहेब नाही, आणि कोणाला हाकलूनही लावलेले नाही.

या उलट अनुभव आम्हाला कोर्टात येतो. एक ढिवर तरुण आमच्याकडे अशील म्हणून आला. जंगलालगतच्या पाण्यात जाळे टाकले म्हणून त्याचे जाळे जप्त, डोंगा जप्त आणि वर गुन्हा. जाळे पुन्हा विणायला घरच्या बाईला दोन महिने लागले. तारखांना येण्यात मजुरी बुडाली ती वेगळीच. त्याने आम्हाला विचारले, "साहेब, गाडीवाले पाहुणे येऊन बसतेत, त्यायले कोनी काई नाई म्हनत. आमालेच कायले?" याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधावे तर सापडते, पण ते अमलात आणणारे हात कमी पडतात.

उदाहरणार्थ, पेंचचा खटला पाहा. तोतलाडोहच्या जलाशयासाठी उठवल्या गेलेल्या आदिवासींना मध्य प्रदेशच्या बाजूने मासेमारीचे ३०५ परवाने देण्यात आले. राष्ट्रीय उद्यानात मासेमारी कशी, म्हणून काही पर्यावरणवादी वकिलांची संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. ५ मार्च १९९७ च्या निकालात न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. छायाचित्राचे ओळखपत्र ठेवा, ठरलेल्या हद्दीतच मासे मारा, काठावर आग पेटवू नका, पकडलेल्या मासळीची नोंद ठेवा, अशा अटी घातल्या आणि लोकांची उपजीविकाही जपली पाहिजे असे सांगितले. म्हणजे जंगल आणि पोट यांच्यात मार्ग काढता येतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. तरीही अभयारण्य म्हटले की आधी गरिबाचा पाय तोडायचा, ही सवय सुटत नाही. डिसेंबर २०२० मध्ये आमच्या भागातल्या कन्हाळगाव अभयारण्याला राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली, तेव्हा लोकांच्या मनात पहिली भीती हीच आली. वाघ वाचावा, मासा वाचावा, याला आमचा विरोध नाही. त्यांना वाचवण्याच्या नावाखाली माणसाला चोर ठरवू नका, एवढेच म्हणणे आहे.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगणे आवश्यक आहे. पाण्याचा प्रश्न आमच्या चळवळीचा पहिला प्रश्न आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते पाणी तहानेसाठी नव्हते, माणूस म्हणून हक्क सिद्ध करण्यासाठी होते. तळे सार्वजनिक असेल तर त्यावर सर्वांचा हक्क, हा तो निवाडा होता. मग ज्या तळ्यातल्या माशांवर पिढ्यान्‌पिढ्या ढिवर जगला, त्या तळ्याचा ठेका बोली वाढवून बाहेरचा कंत्राटदार घेऊन जातो, तेव्हा आम्ही गप्प कसे बसतो? ढिवर, भोई, केवट हे आमच्याहून वेगळे, अशी समजूत प्रस्थापितांनीच पसरवली. भटक्या जमातींचा हा समाज आमच्याच रांगेत उभा आहे.

घटनेचा अनुच्छेद ३९ (ब) सांगतो की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हिताला उपकारक होईल अशा रीतीने विभागले गेले पाहिजे. नदीतला मासा ही अशीच संपत्ती आहे. अनुच्छेद २१ मधला जगण्याचा हक्क म्हणजे उपजीविकेचाही हक्क, हे १९८५ सालच्या ओल्गा टेलिस खटल्यात ठरले आहे. अनुच्छेद ५१ (अ) नद्या, तळी आणि वन्य जीव यांचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवतो. प्रत्येक म्हणजे ढिवराचेही, छंदवाल्याचेही आणि खाणमालकाचेही. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर वनातल्या जलाशयांतील मासे व इतर उपज यांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत लिहून दिला आहे. मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला तो याच कायद्याखाली. अडचण अशी की महाराष्ट्रात ढिवर अनुसूचित जमातीत नाहीत. त्यांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्याच्या आजाने कधी कागद पाहिला नाही त्याने पंचाहत्तर वर्षांचा पुरावा कुठून आणायचा? म्हाताऱ्यांचे जबाब, जुने निस्तारपत्रक, गावाच्या रूढी हे पुरावे चालतात, हे त्याला कोणी सांगत नाही. आमच्या कार्यकर्त्या वकिलांचे काम इथे आहे.

धम्माच्या दृष्टीनेही या प्रश्नाकडे पाहिले पाहिजे. आम्ही बौद्ध आहोत, प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील रोज घेतो. मग मासेमाराची बाजू कशी घेता, असे आम्हाला विचारले जाते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गरजेपोटी होणारी हिंसा आणि मारण्याच्या इच्छेने होणारी हिंसा यांत फरक केला आहे, तो इथे लक्षात घ्यावा. ढिवर जाळे टाकतो ते घरातली चूल पेटावी म्हणून. करमणुकीसाठी माशाच्या ओठात गळ खुपसून, त्याला थकवून, फोटो काढून सोडून देणे याला दया म्हणावे की खेळ, याचा विचार छंदवाल्यांनी शांतपणे करावा. सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. त्यांच्यातले समजदार लोक बिनकाट्याचा गळ वापरतात, मासा पाण्याबाहेर कमी वेळ ठेवतात, ते याच जाणिवेने. आम्ही त्यांना पापी म्हणत नाही. पण ढिवराला उपदेश करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला आपोआप मिळाला आहे, असेही त्यांनी समजू नये.

आता थोडे आपल्या घरात पाहू. दुसऱ्याला बोलताना स्वतःचे झाकून ठेवणे हे आमच्या चळवळीला शोभत नाही. आमच्याच गावांतली पोरे विजेच्या तारेवर आकडा टाकून नदीत करंट सोडतात. उन्हाळ्यात डोहात पाणी साचले की शेतीचे औषध ओततात. खाणीचा सुरुंग कुठून तरी मिळवून डोहात फोडणारेही आहेत. पाण्यात सुरुंग फोडणे आणि विष टाकणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे, म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ. तरी ते चालते. करंटने मोठा मासा मिळतो तसे त्या डोहातले सगळे बारीक जीवही मरतात आणि कधी कधी तार धरणारा पोरगाही मरतो. विषाचे पाणी खालच्या गावची गुरे पितात. मच्छरदाणीच्या कापडाचे जाळे लावून बोटभर पिल्ले सुकवून विकणे, हे तर बियाणे भाजून खाण्यासारखे आहे. हे करणारा गरीब आहे म्हणून आम्ही त्याची पाठ थोपटणार नाही. हक्क मागायचा तर राखणही करावी लागेल. ज्या ढिवराने आम्हाला वरळीला प्रश्न विचारला, त्याच्या लहानपणी त्याच्या वस्तीत पावसाच्या पहिल्या पुरात, अंड्याने भरलेल्या माशाच्या चढणीवर जाळे लावायचे नाही, असा रिवाज होता. कायद्याने किमान आकार आणि पावसाळी बंदी आज आणली, ढिवरांनी ती रिवाजात आधीच ठेवली होती. तो रिवाज आपणच मोडला.

आणि हेही विसरू नका की मासा मारणारे फक्त जाळे आणि करंट नाहीत. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले अति प्रदूषित औद्योगिक भाग जाहीर केले, तेव्हा चंद्रपूरचे नाव वरच्या क्रमांकांत होते. कोळशाचे, राखेचे, कारखान्यांचे पाणी इरई आणि वर्धेत उतरते. ढिवराच्या जाळ्याची आस मोजणारे पुष्कळ आहेत, या पाण्याची मोजणी करून गुन्हा नोंदवणारे फार थोडे. समुद्रकाठीही तेच. खाडीत रसायन सोडणारा सुटतो आणि लहान पापलेट विकणाऱ्या कोळणीची पाटी उलटवली जाते.

मग करायचे काय? आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, हौशी गळवाल्यांसाठी राज्याने परवाना आणि शुल्क ठरवावे, समुद्रात आणि तलावातही, आणि ते पैसे कोळी व ढिवर यांच्या सहकारी संस्थांना मत्स्यबीज आणि तलाव दुरुस्तीसाठी द्यावेत. दुसरी, किमान आकाराचा नियम छंदवाल्याला, लहान नौकेला आणि पर्ससीनला सारखाच लावावा, दंड मात्र नौकेच्या आकाराप्रमाणे वाढावा. तिसरी, छंदवाल्यांनी आपल्या नोंदी सहकारी संस्थांना आणि मत्स्यव्यवसाय खात्याला उघड द्याव्यात. त्यांच्याकडे मोबाइल आहे, वेळ आहे, इंग्रजी आहे. एलईडीच्या नौका आणि रसायनाचे पाणी यांच्याविरुद्ध त्यांनी तक्रारी कराव्यात, आम्ही त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहू. चौथी, कोणत्याही नदीत वा तलावात बाहेरचा मासा सोडण्यापूर्वी त्या पाण्यावर जगणाऱ्यांची संमती घ्यावी. पाचवी, मासा वाचवणाऱ्या गरिबाला मोबदला द्यावा. हे अशक्य नाही. जाळ्यात अडकलेले कासव किंवा देवमासा सोडण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात २०१८ सालापासून आहे. किनाऱ्यावर जे होऊ शकते ते वैनगंगेच्या काठावर का होऊ नये?

सरकार हे करील तेव्हा करील. तोपर्यंत आपल्या हातात ग्रामसभा आहे. येत्या उन्हाळ्यापूर्वी नदीकाठच्या प्रत्येक गावात ग्रामसभेने एक ठराव घ्यावा. आमच्या हद्दीतला एक डोह राखीव, तिथे कोणीही मासा मारणार नाही, करंट आणि विष टाकणाऱ्याला गाव पाठीशी घालणार नाही, आणि या पाण्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क आम्ही वनहक्क कायद्याखाली मागत आहोत. ठराव ढिवरांनी मांडावा, अनुमोदन बौद्धवाड्याने द्यावे. कागद तयार करून देण्याचे काम आमच्यासारख्यांचे, त्यासाठी फी लागणार नाही.

त्या दिवशी संध्याकाळी गाडीत बसल्यावर आमच्या सोबत्याला आम्ही विचारले, त्या तरुणाचे पटले का? तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, "पोरगा चांगला होता. पन नदी राखाची अशीन त आमाले इचारा लागन." आम्हालाही एवढेच म्हणायचे आहे.